पुन्हा पुन्हा रक्त कमी होणारे मूल आणि पोटातील रक्तवाहिन्या

नमस्कार, श्रोतेहो. गडचिरोली, चंद्रपूर किंवा मेळघाटात एखादे लहान मूल फिके दिसू लागले, की आधी सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार, जंत आणि आहारातील उणीव यांचा विचार होतो, आणि बहुतेक वेळा तोच बरोबर ठरतो. पण सिकलसेल नाही असा अहवाल आला, जंताचे औषध झाले, लोहाचे औषध नियमित दिले, प्रसंगी रक्तही चढवले, आणि तरीही काही महिन्यांत हिमोग्लोबिन पुन्हा घसरले, तर हे रक्त जाते कुठे, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

क्वचित काही मुलांच्या आतड्यातील रक्तवाहिन्यांची घडण जन्मतःच सदोष असते. ‘ब्ल्यू रबर ब्लेब नीव्हस सिंड्रोम’ या विकारात त्वचेवर निळसर, मऊ फुगवटे दिसतात. बोटाने दाबले की ते बसतात, सोडले की हळूहळू पुन्हा भरतात. तसेच फुगवटे आतड्यातही असतात आणि त्यांतून रक्त झिरपत राहते. मूल पोट दुखते असे म्हणेलच असे नाही. त्यामुळे अंगावरचा निळा डाग जन्मखूण समजून सोडून न देता, तो डॉक्टरांना आवर्जून दाखवावा. हा दोष बहुधा आनुवंशिक नसतो. आईच्या गरोदरपणातील वागण्याला त्यासाठी बोल लावणे सर्वस्वी अन्यायाचे आहे.

‘ड्यूलाफॉय’ या दुसऱ्या विकारात जठराच्या अस्तराखालची धमनी नको तितकी जाड राहते आणि अचानक फुटते. तेव्हा चांगले खेळते मूल एकाएकी रक्ताची उलटी करते.

पोटात रक्त गेले की शी काळी होते; पण लोहाच्या औषधानेही ती काळपट होते, म्हणून घरच्यांचा गोंधळ होणे स्वाभाविक आहे. परंतु रक्त मिसळलेली शी डांबरासारखी चिकट, चकचकीत आणि अतिशय दुर्गंधीची असते. शंका असल्यास शीमध्ये लपलेले रक्त शोधणारी साधी तपासणी करून घ्यावी. पुढची दुर्बीण तपासणी नागपूरसारख्या ठिकाणी होते. दुर्बिणीतूनच अनेकदा रक्तस्राव थांबवता येतो, आणि पहिल्या विकारात सिरोलिमस या औषधाने बऱ्याच मुलांना रक्त चढवण्याची गरज कमी पडते. जाताना रक्त चढवल्याचे आणि हिमोग्लोबिनचे सर्व जुने कागद सोबत न्यावेत, कारण डॉक्टरांना वारंवारतेचा अंदाज त्यांवरूनच येतो. अशा मुलाला ताप किंवा दुखण्यासाठी अॅस्पिरिन अथवा आयब्युप्रोफेन स्वतःहून देऊ नये. रक्ताची उलटी झाली किंवा मूल गळून थंडगार पडले, तर काहीही खाऊपिऊ न घालता, कुशीवर झोपवून, तत्काळ 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.