दोन सातबारे, नाव एकातही नाही

(सावंतवाडीत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

घटस्फोट म्हटलं की लोकांना पोटगी आठवते. वेंगुर्ला-दोडामार्गाकडून माझ्याकडे येणारी बाई मात्र पोटगीचं नंतर विचारते. आधी विचारते, "आता मी राहू कुठे?" आणि तिचं बरोबर आहे. आपली घरं सामाईक. सातबाऱ्यावर पणजोबांपासूनची नावं, त्यातले अर्धे मुंबईला आणि काही कधीच वारलेले. वारसनोंद झाली असेल तर तळाशी कुठेतरी तिच्या नवऱ्याचं नाव सापडतं. तिचं नसतंच.

कायदा इथे कडू आहे. नवरा हयात असताना त्याच्या वडिलोपार्जित मिळकतीत बायकोला वाटणी मागता येत नाही, आणि घटस्फोट झाला की त्याची वारस म्हणूनही ती उरत नाही. पण मालकी वेगळी आणि राहण्याचा हक्क वेगळा. हा फरक मी बायकांना पुन्हा पुन्हा सांगते, कारण सासरचे तो मुद्दाम पुसतात. कौटुंबिक हिंसाचाराचा 2005 चा कायदा म्हणतो की लग्न करून ज्या घरात ती राहिली तिथून तिला कायद्याच्या मार्गाशिवाय बाहेर काढता येणार नाही. "घर माझ्या नावावर आहे, तुझ्या नवऱ्याच्या नाही," हे सासूचं हुकमी वाक्य. 2006 च्या एका निकालामुळे त्याला वजन होतं. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल मोडीत काढला. घर सासूसासऱ्यांचं असलं तरी ते सुनेचं राहतं घर ठरू शकतं. अर्थात म्हाताऱ्या माणसांचीही बाजू असते. न्यायालय नवऱ्याला तिच्यासाठी दुसरीकडे भाड्याची जागा घ्यायला सांगू शकतं.

आता आपल्याकडचा नेहमीचा प्रकार घ्या. इथे बहुतेक संसार कोर्टात मोडतच नाहीत. नवरा मुंबईला किंवा बोटीवर. आधी पैसे कमी होतात, मग शिमग्याचं येणं बंद होतं, आणि ज्या वर्षी तो गणपतीलाही येत नाही त्या वर्षी सगळ्या वाडीला कळतं. पण बाई थांबते. पाच वर्षं, आठ वर्षं. सासूचं औषधपाणी, आंब्याच्या कलमांची राखण, पोरांची शाळा, सगळं तीच बघते. तिला वाटतं, घटस्फोट नाही तर पोटगी कसली? तसं नाही हो. लग्न टिकून असतानाच पोटगी मागता येते. जुन्या फौजदारी संहितेतलं कलम 125 आता 1 जुलै 2024 पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम 144 झालं आहे. अर्ज करायला मुंबई गाठायची गरज नाही, ती राहते तिथल्या न्यायालयात तो चालतो. 2003 च्या दुरुस्तीनंतर हिंदू विवाह कायद्याखालचा घटस्फोटाचा अर्जही बायको आपण राहतो तिथे करू शकते. मुस्लिम भगिनींना हे 125 लागू नाही असं अजून सांगितलं जातं. 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय, घटस्फोटित मुस्लिम स्त्रीलाही ते लागू आहे.

2020 च्या आणखी एका निकालाने दोन गोष्टी पक्क्या केल्या. पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची आणि दोघांनीही मिळकत आणि देणी प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यायची. म्हणजे थांबण्यात गेलेले महिने परत मिळत नाहीत. वकिलाचे पैसे नाहीत म्हणून थांबू नका. विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रीला मोफत वकील मिळतो आणि तिची कमाई किती हे त्यासाठी विचारलं जात नाही.

आता सोडचिठ्ठी. माझा सगळा राग या कागदावर आहे. "कोर्टात कित्याक? गावात मिटवूया," असं कोणीतरी जाणता म्हणतो. स्टँप पेपर येतो, नोटरीचा शिक्का बसतो, दोन्हीकडचे चार-चार जण सह्या करतात आणि चहा पिऊन घरी जातात. हा घटस्फोट नव्हे. एखाद्या जातीत काडीमोडीची जुनी रूढी असेल तर हिंदू विवाह कायद्याचं कलम 29 तिला हात लावत नाही. पण ती रूढी आहे हे जो म्हणतो त्याने पुराव्यानिशी शाबित करायचं असतं आणि तिथेच बहुतेक जण आपटतात. मग त्या कागदावर विसंबून केलेलं दुसरं लग्न निरर्थक, शिवाय सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेची टांगती तलवार. अशा कागदानंतर दुसरं लग्न केलेल्या एका बाईला 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या नवऱ्याकडून पोटगी दिली, हे खरं. पण त्यासाठी तिला दिल्लीपर्यंत जावं लागलं. दोघांनाही वेगळं व्हायचंय ना? मग परस्पर संमतीचा अर्ज करा. वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं. पुढचे सहा महिने थांबायची अट 2017 च्या निकालानंतर योग्य प्रकरणात माफ होते. आणि गावकीचं ऐकलं नाही म्हणून कोणी वाळीत टाकलं, तर 2016 च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याने तो गुन्हा आहे.

लग्नाशिवाय एकत्र राहणाऱ्यांबद्दल तरुण पोरं विचारतात. लग्नासारखं नातं असेल, म्हणजे दोघं सज्ञान, लग्नाला मोकळे, जगासमोर नवरा-बायकोसारखे बराच काळ राहिलेले, तर हिंसाचाराच्या कायद्याचं संरक्षण मिळतं. त्याची गावात बायको आहे हे माहीत असून राहिलेल्या बाईला मात्र ते मिळत नाही, असं 2013 चा निकाल सांगतो. फसवून लग्न केलं असेल तर गोष्ट वेगळी. त्याच वर्षी महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात अशा बाईला पोटगी मिळाली. मुंबईत दुसरं बिऱ्हाड असलेल्यांनी हे दोन्ही ऐकून ठेवावं.

इथून पत्रादेवीचा नाका ओलांडला की कायदाच बदलतो. गोव्यात लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मिळकत एकत्र धरतात आणि दोघांचा अर्धा-अर्धा वाटा. तिच्या सहीशिवाय घर-जमीन विकता येत नाही. आपल्या कितीतरी मुली पेडण्याला दिलेल्या आहेत. लग्न इथल्या कार्यालयात लावून मोकळे होऊ नका, गोव्यातली नोंदणी करून घ्या. नोंद नसेल तर तो अर्धा हक्क सांगताना दमछाक होते.

आपल्या बाजूला अर्धा नाही, पण एक मार्ग आहे. घटस्फोटाच्या वेळच्या कायम पोटगीची रक्कम नवऱ्याच्या स्थावर मिळकतीवर बोजा म्हणून चढवता येते. त्याच्या आंब्याच्या बागेवर, काजूच्या बागेवर. वकिलाला हे मागायला सांगा. बरेच जण मागतच नाहीत.

आणि माहेर? 2005 च्या दुरुस्तीने मुलगी वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखीच वाटेकरी झाली. वडील ही दुरुस्ती लागू होण्याआधी वारले तर काय, हा घोळ 2020 मध्ये मिटला: हक्क तिला जन्मानेच आहे. पण प्रत्यक्षात होतं काय, तर लग्नानंतर वर्षा-दोन वर्षांत भाऊ गाडी करून येतो, "ताई, फक्त सही," म्हणतो आणि हक्कसोडपत्र नोंदवून घेतो. दहा वर्षांनी तीच ताई पोरांना घेऊन परत येते तेव्हा वहिनीच्या चेहऱ्याकडे बघत खळ्याच्या कडेला उभी राहते. भाऊ वाईट असतोच असं नाही. तेव्हा त्यालाही वाटलेलं नसतं की ही परत येईल. म्हणून मी प्रत्येक मुलीला सांगते, संसार कितीही सुखाचा असो, हक्कसोडपत्रावर सही करायची घाई करू नको. भावाला घर दुरुस्त करायचंय, कर्ज काढायचंय, तर त्यापुरती संमती दे. हक्क ठेव.

शेवटी एक बातमी, कारण खालून चिठ्ठी आली आहे. मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, 18 ऑगस्ट 2025 ला सुरू झालं आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गाची अपिलं आता तिकडे जातात. मुंबईसाठी कोकणकन्येचं रिझर्व्हेशन शोधत बसायला नको. घाट चढावा लागेल, पण संध्याकाळपर्यंत घरी परत येता येतं. ज्यांची प्रकरणं अडकली आहेत त्यांनी आपल्या वकिलाला तारीख तिकडची आहे का विचारावं. आता बाकीच्या चिठ्ठ्या द्या इकडे.