घागर डोक्यावर असताना

(परभणीतल्या एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

पत्रिकेवर विषय छापलाय ‘अद्भुत आणि भयकथा : लेखन व प्रकाशन’. मी सुचवलं होतं ‘भुताची गोष्ट कशी लिहावी’. संयोजकांचा फोन आला, सर, भूत हा शब्द नको, पत्रिका घरोघर जाते. याच वाचनालयात भयकथाकार नारायण धारपांची पुस्तकं कव्हर गळून पडेस्तोवर वाचली गेलीत, पण पत्रिकेवर भूत चालत नाही. असो. चहाच्या आधी संपवा असंही सांगितलंय.

आजीपासून सुरू करतो. सेलू तालुक्यातलं आमचं गाव. बहात्तरचा दुष्काळ. आड कोरडे पडलेले. पाणी उरलं होतं ते एका जुन्या बारवेत, तेही तळाशी. दिवसा उपसून संपायचं आणि रात्री वाटी-वाटीनं पुन्हा साचायचं, म्हणून बायका पाळी लावून रात्री जायच्या. आजीची पाळी दोनच्या सुमारास. कंदिलाला रॉकेल कुठलं? ती पायऱ्या मोजत उतरायची आणि मोजत चढायची. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर घागर, एक हात भिंतीला. एका रात्री अशीच चढत होती. नऊ म्हणाली, दहा म्हणाली, अकरा म्हणाली. आणि खालून, पाण्याजवळून कुणीतरी म्हणालं, ‘बारा.’

मी विचारायचो, मग काय केलंस?

“काय करते? तेरा म्हणलं. घागर भरलेली व्हती नं.”

तीस वर्षं मी गोष्टी लिहितोय, पण या ‘तेरा’च्या पुढं मला जाता आलेलं नाही. भयकथा लिहिणाऱ्याला वाचक पहिला प्रश्न विचारतो तो हा, की यातली माणसं पळून का जात नाहीत? वाड्यात भूत आहे ना, मग निघा की बाहेर. पुष्कळ कथा इथंच कोसळतात. लेखक मग मुसळधार पाऊस पाडतो, गाडी बंद पाडतो, पूल वाहून नेतो. आपल्याकडं पूल वाहून न्यायची गरज नाही. पाऊसच नाही तर पूल कशानं वाहणार? आपल्या माणसाला पळता येत नाही, कारण त्याच्या हातात काम असतं. माझं आजचं सांगणं तेवढंच आहे. आधी घागर डोक्यावर द्या, मग भूत आणा.

हे मी शोधून काढलेलं नाही. हा शोध पैठणचा आहे. ‘विक्रम आणि वेताळ’ म्हटलं की आपल्याला उज्जैन आठवतं. पण काश्मीरच्या सोमदेवानं अकराव्या शतकात कथासरित्सागर रचला, त्यात ही वेताळाची गोष्ट येते, आणि तिथं राजाचं नाव त्रिविक्रमसेन आहे आणि त्याची राजधानी गोदावरीकाठचं प्रतिष्ठान. म्हणजे आपलं पैठण. वेताळ आपल्या बाजूचा. आता त्या राजाकडं बघा. स्मशानात गेलाय, शिसवीच्या झाडावरून प्रेत उतरवलंय, खांद्यावर टाकलंय, प्रेतात वेताळ शिरलाय आणि बोलायला लागलाय. राजा पळतो का? नाही, कारण त्यानं एका भिक्षूला शब्द दिलाय. वेताळ निसटून झाडावर जातो, हा परत जाऊन उतरवतो. राजा घाबरतो असं सोमदेव फारसं सांगत बसत नाही. खांद्यावर ओझं आहे एवढं सांगतो. माझ्या आजीनं सोमदेव वाचलेला नव्हता.

तुमच्यातले निम्मे शेतकऱ्याच्या घरचे असतील. शेताच्या लाइटीची पाळी रात्रीची आली की काय होतं, हे तुम्हाला सांगायला नको. बारा-एकला उठायचं, बॅटरी घ्यायची, दांड फोडायला जायचं. उसाच्या सऱ्यांत पाणी कुठवर पोचलं हे डोळ्यांनी दिसत नाही, आवाजावरून ओळखायचं. आता त्या आवाजात एक आवाज जास्तीचा ऐकू आला तर? जाता येईल का सोडून? लाइट चारला जाणार आहे. किंवा बीडकडची गावं घ्या. दिवाळी झाली की ऊसतोडीला अर्धं गाव रिकामं होतं. कुलपं लावलेली घरं, मागं म्हातारी माणसं आणि शाळेची लेकरं. तिकडं फडावर नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरांची एक जोडी, आणि उचल, म्हणजे आगाऊ पैसे, आधीच घेतलेली. फडाच्या कडेला खोपटात काहीही दिसू दे, उचल फिटेपर्यंत हलता येत नाही. इंग्रजी पद्धतीचा पडका बंगला तुम्हाला का लागतो, हे मला खरंच कळत नाही. नवीन मुलांच्या कथा वाचायला येतात तेव्हा दर तिसऱ्या कथेत धुकं असतं. हिंगोलीत राहणारा मुलगा धुक्यावर चार पानं लिहितो! अरे बाबा, एप्रिलच्या दुपारी रिकाम्या रस्त्यावर उभा राहून बघ, तिथं काय कमी भीती आहे?

अद्भुताचंही तसंच. नाथसागराचं पाणी खाली गेलं की धरणात गेलेल्या गावांची जोती उघडी पडतात, देवळं दिसायला लागतात. चिखलात उभं राहून एका म्हाताऱ्यानं मला त्याचं घर दाखवलं होतं. हे ओसरीचं, ही चूल, इथं गाय बांधायचो. त्यानं चुलीच्या जागी पाय ठेवला नाही, वळसा घालून गेला. मी एवढंच टिपून ठेवलं. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं. ही गोष्ट आधी कुणी कथेत लिहिली असती तर संपादकानं ‘कल्पना ताणलेली वाटते’ म्हणून परत पाठवली असती.

आता एक कडू गोष्ट. आपल्या भागात भूत नुसतं गोष्टीत राहत नाही. भानामती हा शब्द इथल्या बायकांनी फार सोसलाय. कुणाचे कपडे पेटले, कुणाच्या सुनेच्या अंगात आलं, की बोट एखाद्या एकट्या विधवेकडं, म्हातारीकडं जातं. २०१३पासून महाराष्ट्रात कायदा आहे. अमुक बाई करणी करते असं पसरवून तिला छळणं हा गुन्हा आहे. पण लेखक म्हणून कायद्याच्या अलीकडचा विचार करा. जुन्या भुतांची यादीच काढा. मुंज झाली आणि लग्नाआधी गेला तो मुंजा. बाळंतपणात गेली ती हडळ. यातलं प्रत्येक भूत म्हणजे कुणाचं तरी अर्धवट राहिलेलं आयुष्य. त्याची बाजू घेऊन लिहिलंत तर कथा उभी राहते. पण शेवटी ‘शेजारची म्हातारीच चेटकीण निघाली’ असा धक्का देणारी कथा मी वाचत नाही. तो धक्का आपल्याकडं खऱ्या माणसांना बसलाय. हा माझा हट्ट समजा.

माझी बारवेची कथा मी पहिल्यांदा लिहिली तेव्हा शेवटी एक परिच्छेद जोडला होता. फार वर्षांपूर्वी एका सुनेनं त्या बारवेत उडी घेतली होती, तिला अकरा पायऱ्या चढता आल्या, बारावी राहिली, वगैरे. मोठा खुश होतो मी त्या परिच्छेदावर. दिवाळी अंकाच्या संपादकांनी हस्तलिखित परत पाठवलं. तो परिच्छेद लाल शाईनं आडवा काटलेला आणि समासात एकच ओळ : ‘हे आजीला माहीत होतं का?’

नव्हतं. आजीला फक्त ‘बारा’ माहीत होतं. परिच्छेद काढला, कथा छापून आली. तेव्हापासून कथा लिहून झाली की शेवटचा परिच्छेद मी हातानं झाकून वाचतो. बहुतेक वेळा झाकलेलाच बरा असतो. लांबीबद्दल फार बोलत नाही. अडीच-तीन हजार शब्दांच्या पुढं भीती उभी ठेवणं कठीण, माणूस मध्येच उठून पाणी प्यायला जातो आणि परत येतो तो शहाणा होऊन.

राहिलं प्रकाशन. ‘साभार परत’ आलं म्हणून हिरमुसणाऱ्यांसाठी पुन्हा पैठणलाच जाऊ. गुणाढ्य सातवाहन राजाच्या दरबारातला पंडित. राजाला सहा वर्षांत व्याकरण शिकवतो म्हणाला, दुसरा पंडित म्हणाला मी सहा महिन्यांत. पैज लागली. गुणाढ्य हरला आणि ठरल्याप्रमाणं संस्कृत, प्राकृत, देशी तिन्ही भाषा सोडल्या. मग अरण्यात जाऊन पैशाची शिकला. पिशाचांची भाषा! त्या भाषेत सात वर्षांत सात लाख श्लोकांची बृहत्कथा लिहिली, शाई नव्हती म्हणून स्वतःच्या रक्तानं. शिष्यांबरोबर राजाकडं पाठवली. राजानं भाषा पाहिली, रक्त पाहिलं आणि परत पाठवली. गुणाढ्यानं टेकडीवर अग्नी पेटवला, एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवायचा आणि आगीत टाकायचा. प्राणी चरायचं सोडून रडत ऐकत उभे. इकडं राजवाड्यात मांस वाळकं यायला लागलं, राजा आजारी पडला, चौकशी झाली, तेव्हा कळलं. राजा धावत आला तोवर सहा लाख श्लोक जळून गेले होते. उरला एक लाख. संपादकाला चूक कळली ती स्वयंपाकघरातून. आणि मूळ पैशाचीतला तो एक लाखही आज आपल्यापाशी नाही. सोमदेवासारख्यांनी पुन्हा सांगितलं म्हणून गोष्ट आपल्यापर्यंत आली. तेव्हा झेरॉक्स काढून ठेवा.

व्यवहाराचं थोडं. का. र. मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी कथेचं मुख्य बाजारपेठेचं दार दिवाळीच आहे. पण दिवाळीला लिहून दिवाळीत छापून येत नाही. जून-जुलैत पाठवा, गणपतीत बहुतेकांची पानं लागलेली असतात. युनिकोडमध्ये टाइप करा. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधली फाइल दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उघडली की जे दिसतं ती वेगळीच पैशाची असते. पुस्तक काढायचं म्हणून प्रकाशकाला पैसे देणार असाल तर द्या, पण ते स्वखर्चाचं पुस्तक आहे हे मनाशी कबूल करून द्या. आणि हक्क लिहून देताना कागद वाचा. कॉपीराइट कायदा १९५७चा आहे, त्याचं १९वं कलम सांगतं की हक्क लेखीच द्यावे लागतात आणि मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. ‘सर्व हक्क कायमचे’ असं छापलेलं असतं तिथं पेन थांबवा. तुमच्यामागं साठ वर्षं तुमच्या वारसांचा त्या कथेवर हक्क असतो. ऑडिओचे हक्क वेगळे लिहा, भयकथा कानानं ऐकणारे आता खूप झालेत.

हे मी अनुभवानं सांगतोय. माझी बारवेची कथा एका यूट्यूब चॅनलनं उचलली. नाव गाळलं, ते एक वेळ चाललं असतं. पण वर मोठ्या अक्षरांत लिहिलं ‘सत्य घटना’ आणि पुढं तालुक्याचं नाव. तालुका कथेत होताच, चूक माझीपण. दोन महिन्यांनी दोन पोरं मोटरसायकलवर गावात आली, बारव कुठं, आणि ती बाई कुठं राहायची विचारत. बाई म्हणजे आजी. त्यांनी आमच्याच घराचं दार वाजवलं. चुलतभावानं चहा पाजून वाटेला लावलं. तेव्हापासून मी कथेत गावाचं नाव बदलतो, पायऱ्यांची संख्या बदलत नाही.

मघाशी मागच्या रांगेतल्या मुलीनं चिठ्ठी पाठवली, ती वाचतो. ‘सर, मग बारा कोण म्हणालं?’

हा प्रश्न मी आजीला कैक वेळा विचारला. ती विषय बदलायची. एकदाच, शेवटच्या आजारपणात, म्हणाली, “तू पेलास नं ते पाणी?”

बहात्तरला मी चार वर्षांचा होतो. पेलो असणार.