फवारणीतून वाचलेला माठ

बार्शी तालुक्यातलं हे सोयाबीन. पेरून सव्वा महिना झाला, तणनाशक मारून तीन आठवडे. तासातलं, म्हणजे पिकाच्या ओळींमधलं, तण बहुतेक वाळलंय. पण इथे बघा. हा माठ, पिकात आपोआप उगवणारं तण, करपून आडवा पडलाय आणि त्याला खेटून उभा असलेला दुसरा माठ हिरवागार आहे. जात एकच, पंप एकच, फवारणीचा दिवसही एकच.

अख्खा पट्टाच जिवंत राहिला असता तर दोष नोझलचा म्हटला असता, नाहीतर गढूळ पाण्याचा, किंवा तण वितभर वाढल्यावर केलेल्या उशिरा फवारणीचा. लव्हाळा परत फुटतो तो जमिनीतल्या गाठींवर. ते दुखणं वेगळं. मेलेल्यांच्या गर्दीत एकटंच टवटवीत राहिलेलं झाड मात्र औषध पचवत असल्याची शंका.

सोयाबीनमध्ये सर्रास वापरलं जाणारं इमॅझेथापीर हे तणनाशक तणाच्या पेशीतलं एकच विकर (एन्झाइम) अडवतं. लाखो रोपांत एखाद्याच्या त्या विकरात जन्मतःच बारीकसा फरक असतो, औषध तिथे बसतच नाही. बाकीची मरतात, या एकाला रान मोकळं मिळतं. ते हजारो बिया टाकतं. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच औषध आलं की पुन्हा तीच निवड होते.

हरियाणाच्या गव्हात हे घडून गेलंय. भातामागून गहू आणि गव्हावर वर्षानुवर्षं आयसोप्रोट्युरॉन हे एकच तणनाशक. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला गुल्लीडंडा नावाचं गव्हातलं तण त्याला दाद देईना. नवी औषधं आली, काही वर्षांत त्यांनाही ते पुरून उरलं. गव्हाचं उत्पन्न घटलं, खर्च वाढला.

दुकानातली बाटली बदलली म्हणजे औषध बदललं असं नाही. क्लोरीम्युरॉन वेगळ्या नावाचं असलं तरी इमॅझेथापीरचंच विकर अडवतं. पेंडीमिथॅलीनचं काम निराळं. ते पेरणीनंतर दोन दिवसांच्या आत, ओल असताना, उगवणीच्या आधीच मारायचं.

आता शेजारच्या रानात चला. इथे पेरणी उशिरा झाली आणि आज वाफशावर, म्हणजे जमीन बेताची ओली असताना, कोळपं चाललंय. बैलांच्या तोंडाला मुसकी आहे, पिकाला तोंड लागू नये म्हणून. फास, म्हणजे कोळप्याचं लोखंडी पातं, जमिनीखाली दोन बोटं सरकते, तणाची मुळं कापत जाते. मागच्या माणसाचा हात रुमण्यावर, म्हणजे कोळप्याच्या मुठीवर, नजर तासावर. वर ऊन कडक हवं, उपटलेलं तण संध्याकाळपर्यंत सुकलं पाहिजे. औषध पचवणारं रोप आणि न पचवणारं रोप, फासेला दोन्ही सारखीच. म्हणून फवारणी केली तरी एक कोळपणी हवीच, असं आमचं ठाम मत आहे.

कोळप्यातून सुटलेलं, पिकाला चिकटून उभं असलेलं तण या बाया खुरप्याने काढताहेत. तुरा यायच्या आधी. आलाच असेल तर झाड बांधावर टाकायचं नाही, पोत्यात भरून रानाबाहेर न्यायचं. पुढच्या वर्षी इथे सोयाबीन नको. ज्वारी घेतली की पीकही बदलतं, औषधाचा गटही.

आणि हे मळणीयंत्र. सुगीत सकाळी एकाच्या खळ्यावर, दुपारी दुसऱ्याच्या. चाळणीखाली साचलेला हा भुसा बघा, त्यात काळं बारीक बी आहे. माठाचं. यंत्र आधीच्याच रानात झाडून घ्या, मग आपल्या बांधाला लावा.