८०० कॅलरींचे ताट

(स्वयंपाकघराचा ओटा. वजनकाट्यावर एकेक पदार्थ ठेवला जात आहे.)

हे एका माणसाचे दिवसभराचे जेवण आहे. तेल न लावलेले दोन लहान फुलके, वाटीभर मटकीची उसळ, चमचाभर तेलातली तोंडल्याची भाजी, अर्धी वाटी भात, लहान वाटीभर दही, एक पेरू आणि दूध-साखरेचा एक कप चहा. करणाऱ्याच्या हाताप्रमाणे आकडा थोडा इकडेतिकडे होईल, पण या सगळ्याची बेरीज ८०० कॅलरींच्या आसपास थांबते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० सालच्या शिफारशींनुसार बैठे काम करणाऱ्या भारतीय पुरुषाला दिवसाला सुमारे २,११० आणि स्त्रीला सुमारे १,६६० कॅलरी लागतात. म्हणजे काट्यावरचे हे ताट पुरुषाच्या गरजेच्या निम्म्यालाही पुरत नाही.

दिवसाला ८०० किंवा त्याहून कमी कॅलरी देणाऱ्या आहाराला वैद्यकशास्त्रात अत्यल्प उष्मांकाचा आहार म्हणतात. वजन झपाट्याने उतरवण्यासाठी तो अनेक दशके वापरला जातो आहे आणि अलीकडे टाइप-२ मधुमेह परतवण्यासाठीही त्याचे नाव घेतले जाते. हे ताट पाहून कोणालाही वाटेल की आपण उद्यापासून घरीच हा आहार सुरू करू. परंतु या ताटात आपण फक्त कॅलरी मोजल्या. प्रथिने मोजली तर ती २० ते २५ ग्रॅमच्या पुढे जात नाहीत आणि ६५ किलो वजनाच्या पुरुषाला रोज निदान ५४ ग्रॅम लागतात. उरलेली प्रथिने शरीर कोठून आणते, हे समजले की या आहाराचा लाभ आणि धोका दोन्ही समजतात.

(शरीराचे चलरेखाचित्र : यकृत, स्नायू, चरबी.)

जेवण एकदम तोडले की पहिला दिवस यकृतात साठवलेल्या ग्लायकोजेनवर, म्हणजे साखरेच्या साठ्यावर, निघतो. ग्लायकोजेन आपल्या वजनाच्या सुमारे तिप्पट पाणी धरून ठेवत असल्यामुळे ते संपताना पाणीही बाहेर जाते आणि पहिल्याच आठवड्यात काटा भराभर खाली येतो. जाहिरातींत मिरवली जाते ती बहुधा हीच घसरण. मेंदूला मात्र साखर हवीच असते, आणि ती तयार करण्यासाठी शरीर स्नायूंतली प्रथिने मोडू लागते. काही दिवसांनी यकृत चरबीपासून कीटोन हे साखरेऐवजी चालणारे इंधन बनवते, मेंदू त्यांवर बराचसा भागवू लागतो आणि स्नायूंची मोडतोड मंदावते. मंदावते, थांबत नाही. अंगात चरबीचा साठा किती आहे आणि आहारातून चांगल्या दर्जाची प्रथिने किती मिळतात, यांवर किती स्नायू जाणार हे ठरते. आणि हृदय हाही स्नायूच आहे.

(कृष्णधवल छायाचित्रे. कॅमेरा चेहऱ्यांवरून सावकाश फिरतो.)

ही छायाचित्रे १९४५ सालची आहेत. दुसरे महायुद्ध संपत आले होते आणि युरोपातील उपाशी माणसांना पुन्हा अन्नावर कसे आणावे, हे कोणालाच नीट ठाऊक नव्हते. ते शोधण्यासाठी अ‍ॅन्सेल कीज या शास्त्रज्ञाने मिनेसोटा विद्यापीठाच्या स्टेडियमखालील खोल्यांत ३६ निरोगी तरुणांना स्वेच्छेने उपाशी राहण्यास बोलावले. युद्ध विवेकाला पटत नाही म्हणून बंदूक हाती धरण्यास नकार दिलेले हे तरुण होते. २४ आठवडे त्यांना बटाटे, सलगम, कोबी, पाव, मॅकरोनी असे दिवसाला सुमारे १,६०० कॅलरींचे जेवण मिळे आणि आठवड्याला ३५ किलोमीटर चालावे लागे. त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटले, नाडी मंदावली, पायांवर सूज आली, उन्हाळ्यातही थंडी वाजू लागली, आणि त्यांच्यातले काही जण पाककृतींची पुस्तके जमवून वाचत बसू लागले.

या तरुणांना मिळणाऱ्या कॅलरी आपल्या काट्यावरच्या ताटाच्या दुप्पट होत्या, हे लक्षात ठेवावे लागेल. तरीही त्यांची अशी अवस्था झाली, याचे मुख्य कारण म्हणजे त्यांच्या अंगावर मोडून वापरायला फारशी चरबीच नव्हती. १०० किलो वजनाच्या माणसाचा हिशेब वेगळा असतो, आणि अत्यल्प उष्मांकाच्या आहाराची सगळी भिस्त या वेगळ्या हिशेबावर आहे. सडपातळ माणसाने आणखी सडपातळ होण्यासाठी तो हाती घेणे म्हणजे या छायाचित्रांच्या दिशेने चालू लागणे होय.

(जुन्या जाहिराती. द्रव प्रथिनांच्या बाटल्या.)

१९७० च्या दशकात अमेरिकेत या बाटल्यांची लाट आली. १९७६ मध्ये एका डॉक्टरने लिहिलेल्या पुस्तकामुळे तिला जोर मिळाला आणि लाखो लोक जेवण सोडून दिवसाला ३०० ते ४०० कॅलरींच्या या द्रवावर राहू लागले. बाटलीत काय होते, हे नीट पाहण्यासारखे आहे. कत्तलखान्यात उरलेली कातडी, स्नायुबंध आणि हाडे यांतील कोलॅजेन काढून, ते विरघळवून आणि त्याला चेरी किंवा संत्र्याचा स्वाद देऊन हे पेय तयार केले जाई. कोलॅजेन हे प्रथिनच आहे, पण त्यात ट्रिप्टोफॅन हे अत्यावश्यक अमिनो आम्ल नसते. त्यामुळे लेबलवरचा ग्रॅमचा आकडा खरा असूनही शरीराला त्यातून स्नायू राखता येत नव्हते. पोटॅशियम आणि मॅग्नेशियम यांचीही कमतरता पडे. १९७७ आणि १९७८ मध्ये सुमारे ६० मृत्यूंची नोंद झाली. ज्यांना आधी कोणताही हृदयविकार नव्हता अशा १७ जणांच्या मृत्यूंचा बारकाईने अभ्यास झाला, तेव्हा हृदयाच्या आलेखात ठोक्यांची लय बिघडवणारा तोच दोष पुन्हा पुन्हा सापडला. पुढे ४०० कॅलरींहून कमी उष्मांकाच्या प्रथिन-आहाराने गंभीर आजार किंवा मृत्यू ओढवू शकतो, असा इशारा अशा उत्पादनांवर छापणे तेथे सक्तीचे झाले.

(एमआरआय यंत्र. पडद्यावर यकृताचा छेद.)

उत्तर इंग्लंडमधील न्यूकॅसल विद्यापीठातील मधुमेह-संशोधक रॉय टेलर यांची गोष्ट येथून सुरू होते. वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर मधुमेही रुग्णाची साखर काही दिवसांतच, वजन फारसे उतरण्याआधीच, सुधारते, हे डॉक्टरांना ठाऊक होते आणि त्याचे श्रेय आतड्यातील संप्रेरकांना दिले जात होते. टेलर यांनी साधा प्रश्न विचारला : शस्त्रक्रियेनंतर रुग्ण जवळजवळ काहीच खात नाही, त्याचाच तर हा परिणाम नसेल? २००८ मध्ये त्यांनी मांडलेली कल्पना थोडक्यात अशी की, गरजेहून जास्त खाल्लेले अन्न आधी यकृतात चरबी म्हणून साठते, मग तेथून ओसंडून स्वादुपिंडात जाते आणि इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींचे काम मंद करते. ही चरबी काढून घेतली तर पेशी पुन्हा जाग्या व्हाव्यात.

ही कल्पना तपासण्यासाठी टाइप-२ मधुमेहाचे अकरा रुग्ण पुढे आले. त्यांना आठ आठवडे रोज द्रव आहाराची पाकिटे आणि पिष्टमय नसलेल्या भाज्या मिळून सुमारे ६०० कॅलरी दिल्या गेल्या. एका आठवड्यात त्यांची उपाशीपोटीची सरासरी साखर १६६ वरून १०६ वर आली आणि यकृतातील चरबी सुमारे ३० टक्क्यांनी घटली. पडद्यावर उजळ दिसणारा हा भाग म्हणजे चरबी. आठ आठवड्यांनंतरच्या छेदात तो जवळजवळ विझलेला दिसतो. यकृतातील चरबीचे प्रमाण १२.८ टक्क्यांवरून २.९ टक्क्यांपर्यंत उतरले होते, तर स्वादुपिंडातील ८ टक्क्यांवरून ६.२ टक्क्यांपर्यंत. दुसरी घट दिसायला किरकोळ आहे, पण जेवणानंतर इन्सुलिनची पहिली लाट येण्यास तेवढी पुरली. २०११ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

यानंतर ग्लासगोचे मायकेल लीन आणि टेलर यांनी स्कॉटलंड आणि टाइनसाइड येथील ४९ साध्या दवाखान्यांत मोठी चाचणी घेतली. निम्म्या रुग्णांचे नेहमीचे उपचार चालू राहिले आणि उरलेल्या १४९ जणांना तीन ते पाच महिने सूप आणि शेकच्या पाकिटांवर ठेवण्यात आले. दिवसाच्या कॅलरी ८२५ ते ८५३, म्हणजे काटेकोर व्याख्येच्या किंचित वर. २०१७ च्या अखेरीस ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले. वर्षअखेर आहारगटातील ४६ टक्के रुग्णांची साखर कोणत्याही औषधाशिवाय मधुमेहाच्या मर्यादेखाली होती, दुसऱ्या गटात हे प्रमाण ४ टक्के होते. ज्यांचे वजन १५ किलो किंवा अधिक उतरले, त्यांच्यात ते ८६ टक्क्यांवर गेले.

(दवाखान्यातील टेबल. गोळ्यांची पाकिटे बाजूला सरकवली जातात. रक्तदाब मोजला जातो.)

या चाचणीतील पहिला दिवस आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्या दिवशी मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या डॉक्टरांनीच थांबवल्या. अन्न तोडून साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू ठेवल्या तर साखर इतकी खाली जाऊ शकते की माणूस बेशुद्ध पडावा; रक्तदाबाच्या गोळ्या चालू राहिल्या तर उठून उभे राहताना चक्कर येते. मधुमेहावरच्या डापाग्लिफ्लोझिनच्या कुळातील गोळ्या आपल्याकडेही सर्रास दिल्या जातात, आणि त्या घेत असताना खाणे तोडले तर मीटरवर साखर फारशी वाढलेली न दिसताही रक्तात घातक प्रमाणात आम्ल साठू शकते. इन्सुलिन घेणाऱ्यांना या चाचणीत घेतलेच नव्हते. गर्भवती आणि स्तनपान देणाऱ्या स्त्रिया, मुले, टाइप-१ मधुमेहाचे रुग्ण, नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले आणि जेवणाशी ज्यांचे नाते आधीच बिघडलेले आहे अशी माणसे यांच्यासाठी हा आहार नाही.

(सोनोग्राफीचा पडदा. पित्ताशयात हलणारे पांढरे ठिपके.)

हे पांढरे ठिपके म्हणजे पित्तखडे. वजन वेगाने उतरत असताना चरबीतील कोलेस्टेरॉल पित्तात उतरते आणि पित्त दाट होते. त्यातच जेवणात स्निग्धांश नसला तर पित्ताशय आकुंचन पावत नाही आणि दाट पित्त तेथेच तुंबून राहते. म्हणून चांगल्या पाकिटात थोडे तेल मुद्दाम ठेवलेले असते, आणि केवळ भाज्यांचा रस पिऊन दिवस काढणाऱ्याला ते मिळत नाही. युरिक आम्ल वाढून सांधा ठणकणे, बद्धकोष्ठ, थंडी वाजणे आणि दोन-तीन महिन्यांनी केस गळणे हेही होते.

(‘लॅन्सेट’मधील छायाचित्र : शेजारी शेजारी उभे असलेले दोन पुरुष. नंतर पुणे, रास्ता पेठ.)

या छायाचित्रातील एक जण लंडनचे डॉ. जॉन युडकिन आहेत आणि दुसरे पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या छायाचित्रात दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, २२.३ आहे, अंगकाठीही सारखीच दिसते. परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. किरकोळ दिसणाऱ्या भारतीय देहात चरबी अधिक आणि स्नायू कमी असतात, हे पुण्यातील संशोधनाने जगापुढे मांडले. त्याचा अर्थ दोन्ही बाजूंनी लागतो. वजन फार नसलेल्या मधुमेह्यालाही थोडे वजन उतरवून लाभ होऊ शकतो. न्यूकॅसलमध्येच बीएमआय २७ पेक्षा कमी असलेल्या २० जणांपैकी १४ जणांचा मधुमेह असा दूर झाला. मात्र ज्याच्याकडे मुळातच स्नायू थोडे आहेत, त्याला ते गमावणे परवडत नाही, आणि डाळ पातळ व भात भरपूर अशा आपल्या जेवणातून ते लवकर भरूनही निघत नाहीत. पाश्चात्त्य तक्ता जसाच्या तसा उचलून मराठी घरात राबवू पाहणाऱ्यांनी हे छायाचित्र समोर ठेवावे. उपासाची सवय आहे, असे म्हणणाऱ्यांनाही साबुदाण्याच्या खिचडीत प्रथिने किती, हे एकदा मोजून पाहता येईल.

(पुन्हा ओटा. काट्यावर एकच फुलका.)

बारा आठवडे किंवा त्याहून अधिक काळ पाकिटांवर काढल्यानंतर ताट एका दिवसात परत येत नाही. आधी एक पाकीट कमी करून त्या जागी एक लहान जेवण येते, मग दुसरे. ब्रिटिश चाचणीत ही चढण दोन ते आठ आठवड्यांची होती. उपाशी शरीरात पिष्टमय अन्न एकदम गेले तर इन्सुलिन उसळते आणि रक्तातील फॉस्फेट व पोटॅशियम पेशींत ओढले जाऊन हृदयाची लय बिघडू शकते, म्हणूनही घाई करायची नसते. त्या चाचणीच्या आहारगटात दोन वर्षांनी मधुमेह दूर असलेल्यांचे प्रमाण ३६ टक्के राहिले, आणि पुढे पाठपुराव्यात राहिलेल्यांत पाच वर्षांनी ते सुमारे १३ टक्क्यांवर आले.

त्या चाचणीतील माणसे अधूनमधून दवाखान्यात येऊन काट्यावर उभी राहत. वजन दोन किलोंहून अधिक वाढलेले दिसले की काही आठवड्यांसाठी दिवसातील एक जेवण पुन्हा पाकिटाचे होई.