अर्ध्या टक्क्याचा हिशेब

(दृश्य: इंधन पंपाचं नोझल स्टीलच्या एका भांड्यात उतरतं. भांड्याचं पोट रुंद, मान अरुंद. मानेवर काच आणि मिलिलिटरच्या खुणा.)

पंपावरचा आकडा 20 लिटरवर थांबला. गाडीच्या टाकीत खरोखर तेवढं उतरलं का, हे गिऱ्हाइकाला कधीच दिसत नाही. या भांड्यात ते दिसतं. त्याची मान मुद्दाम अरुंद ठेवलेली असते. रुंद पोटात 50 मिलिलिटर कमी पडले तर डोळ्यांना पत्ताही लागणार नाही. मानेत तेवढ्यानंच पातळी ठळक खाली जाते.

पण वजनमापं तपासणारे सरकारी निरीक्षक हे पहिलं माप मोजतच नाहीत. ते इंधन परत साठवण टाकीत ओततात. धार तुटली की भांडं तसंच कलतं धरतात आणि घड्याळात 30 सेकंद मोजतात. भांड्याच्या आतल्या बाजूला इंधनाचा पातळ थर चिकटून राहतो. भांड्याचं स्वतःचं माप असं ओलं असतानाच ठरवलेलं असतं, म्हणून प्रत्येक वेळी ते तितकंच ओलं हवं. ही अर्ध्या मिनिटाची शिस्त पाळली नाही, तर चूक पंपाची की भांड्याची हे सांगता येत नाही. मग भांडं सपाट जागी, पातळीचा फुगा मध्यावर आणून, पुन्हा भरायचं. एकदा पूर्ण धारेनं, एकदा हळू धारेनं, कारण काही दोष फक्त हळू धारेतच पकडले जातात.

(दृश्य: मानेवरच्या खुणा, अगदी जवळून.)

चूक किती चालेल? 1955 साली वैध मापनशास्त्राची, म्हणजे व्यापारातल्या वजनमापांच्या नियमांची, आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. तिचं मुख्यालय पॅरिसमध्ये आहे. तिच्या शिफारशीनुसार इंधन पंपाला अर्धा टक्का इकडे किंवा तिकडे चूक माफ आहे. म्हणजे 20 लिटरमागे 100 मिलिलिटर.

ही सूट का द्यावी लागते, ते पंपाच्या पोटात डोकावलं की कळतं. आत पिस्टनचा मीटर असतो. ठरावीक इंधन आत येतं, पिस्टन सरकतो, दांडा फिरतो. दांड्याला जोडलेला पल्सर विजेचे ठोके पाठवतो आणि ते ठोके मोजून पडद्यावर लिटर उमटतात. पिस्टनची सीलं झिजली की थोडं इंधन न मोजताच निसटतं. त्यात तापमानाची भर. पेट्रोल एका अंशानं तापलं की साधारण 0.1 टक्क्यानं फुगतं. स्टीलचं भांडं त्या मानानं फारच कमी. म्हणून निरीक्षकाच्या हातात थर्मामीटरही असतो.

इथं एक गोष्ट नीट लक्षात घेण्यासारखी आहे. नुसत्या झिजेनं असा मीटर सहसा गिऱ्हाइकाच्या बाजूनं चुकतो, कारण निसटलेल्या इंधनाचे ठोके पडत नाहीत. म्हणून एखाद्या ठिकाणचे सगळेच पंप नेमानं थोडं थोडं कमी देत असतील, तर 'मशीन जुनं झालंय' एवढ्यावर समाधान मानू नये.

आणि या विषयातला सर्वांत महत्त्वाचा नियम हाच आहे, असं मला मनापासून वाटतं. अर्ध्या टक्क्याची सूट यंत्राच्या मर्यादेसाठी आहे, मालकाच्या कमाईसाठी नाही. एखाद्या पंपावर वर्षाला 10 लाख लिटर इंधन विकलं जात असेल आणि मीटर मुद्दाम सुटीच्या काठावर लावून ठेवला असेल, तर 5,000 लिटर न देताच विकले जातात. तरी प्रत्येक चाचणीत पंप पास! युरोपीय संघाच्या मापन उपकरणांच्या निर्देशात म्हणूनच स्पष्ट बजावलं आहे, की यंत्रानं या सुटीचा फायदा उठवायचा नाही आणि नेमानं कुणा एकाच बाजूला झुकायचं नाही. अमेरिकेचे नियमही तेच पाहतात: एका जागच्या यंत्रांच्या चुका बहुतांशी मालकाच्याच फायद्याच्या निघाल्या, तर प्रत्येक चूक मर्यादेत असूनही त्या यंत्रांची देखभाल योग्य मानली जात नाही.

(दृश्य: इलेक्ट्रॉनिक वजनकाटा. त्याच्या पाटीवरची बारीक अक्षरं.)

काट्याची पाटी फारसं कुणी वाचत नाही. कमाल 15 किलो, किमान 100 ग्रॅम, सर्वांत लहान भाग 5 ग्रॅम, अचूकतेचा वर्ग तिसरा. एवढ्यात सगळं आलं. नव्या काट्याला अडीच किलोपर्यंत अडीच ग्रॅम, 10 किलोपर्यंत 5 ग्रॅम आणि त्यापुढे साडेसात ग्रॅम चूक माफ. वापरात आल्यावर याची दुप्पट.

आता 100 ग्रॅमचा हिशेब करा. अडीच ग्रॅम म्हणजे अडीच टक्के आणि वापरातल्या काट्यावर 5 टक्के. त्याहून कमी वजनाला तो काटा वापरणंच चूक. थोडं थोडं घेणाऱ्यावर चुकीचा भार सर्वांत जास्त पडतो आणि बहुतेकदा थोडं घेणाऱ्याचाच खिसा लहान असतो. किमान वजनाची ती ओळ त्याच्यासाठी आहे.

निरीक्षक वजन फक्त मधोमध ठेवत नाहीत. 5 किलो, म्हणजे कमाल भाराचा तिसरा हिस्सा, काट्याच्या चारही भागांवर फिरवून बघतात. कोपऱ्यात माफ चुकीहून जास्त फरक आला तर काटा नापास. त्यांची वजनंही वरच्या दर्जाच्या वजनांशी ताडलेली असतात. निरीक्षकाच्या एक किलोच्या वजनात 50 मिलिग्रॅमहून जास्त चूक चालत नाही. ही साखळी वर वर जात थेट किलोग्रॅमच्या व्याख्येपाशी पोचते. 20 मे 2019 पासून ती व्याख्या पॅरिसजवळच्या धातूच्या ठोकळ्यावर नाही, प्लांकच्या स्थिरांकावर, म्हणजे निसर्गातल्या एका कधीच न बदलणाऱ्या आकड्यावर, उभी आहे.

काटा एका जागी तपासला म्हणून दुसऱ्या जागी बरोबर ठरत नाही. काट्यातला भार ओळखणारा भाग, म्हणजे लोडसेल, वस्तुमान मोजत नाही, त्यावर पडणारं बल मोजतो आणि पृथ्वीची ओढ सगळीकडे सारखी नसते. विषुववृत्तावर जुळवलेला काटा ध्रुवापाशी नेला, तर 10 किलोमागे सुमारे 50 ग्रॅम जास्त दाखवेल. माफ चुकीच्या दहापट! दोन पारड्यांच्या तागडीला ही अडचण येत नाही, कारण ओढ दोन्ही पारड्यांवर सारखीच बदलते.

(दृश्य: तारेत ओवलेलं शिशाचं सील. त्यावर उमटलेला शिक्का.)

पडताळणी झाली की मुद्रांकन. मीटरची जुळणी जिथं बदलता येते तिथं तार ओवून सील ठोकतात. काट्यावरही तसंच. सील तुटलेलं दिसलं तर आकडे कितीही बरोबर येवोत, पुन्हा पडताळणी झाल्याशिवाय त्या यंत्रावर विक्री करता येत नाही.

हल्लीची लबाडी मात्र तारेला हात न लावताही होऊ शकते. पल्सर आणि पडदा यांच्यामध्ये छोटी चिप बसवली की न घडलेले ठोके मोजले जातात. निरीक्षक दिसले की ती बंदही करता येते. त्यामुळे आता नुसतं भांडं भरून भागत नाही. पल्सरचं झाकण उघडून जोडण्या पाहतात, आतली संगणक-प्रणाली मंजूर झालेलीच आहे का ते ताडतात. अनेक नव्या यंत्रांत एक गणक असतो. जुळणी बदलली की तो एकानं वाढतो आणि मागे घेता येत नाही. निरीक्षक तपासणीच्या कागदावर तो आकडा लिहून ठेवतात. पुढच्या खेपेला यंत्राजवळ आले की भांडं भरण्याआधी तो कागद काढतात आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवून बघतात.