उघडलेलं आभाळ आणि बर्फाचा उतार

श्रोतेहो, नमस्कार. डिसेंबर जवळ आला की नाशिकच्या ट्रेकर मंडळींत केदारकंठा, ब्रह्मताल ही उत्तराखंडातल्या हिवाळी ट्रेकची नावं फिरू लागतात. हरिहर, अंजनेरी, साल्हेर पालथे घातलेली मुलंमुली बर्फात चालायला निघतात. त्यांनी जरूर जावं. पण सह्याद्रीनं लावलेल्या दोन सवयी तिथे घात करतात, त्यांबद्दल मला आज तुमच्याशी बोलायचं आहे.

पहिली सवय उताराची. हरिहरचा कातळजिना समोर आला की कुणी न सांगता आपण सावध होतो. त्यामानाने ३५ अंशांचा पांढरा उतार सौम्य, जवळजवळ आमंत्रण देणारा दिसतो. आणि बहुतेक हिमस्खलनं नेमकी ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतात. त्याहून उभ्या कड्यावर बर्फ फारसा साठतच नाही, थोडाथोडा झडून जातो. या मधल्या उतारावर तो थरावर थर चढत राहतो आणि एके दिवशी अख्खा पत्रा सुटून खाली येतो. उतार मोजायला मोबाइलमधलं कोनमापक पुरतं. मात्र हिमस्खलनात सापडायला तुम्ही त्या उतारावरच असायला हवं असं नाही. पायथ्याच्या सपाटीवर लावलेला तंबूही स्खलनाच्या वाटेत येतो.

दुसरी सवय उन्हाची. त्र्यंबकला पाऊस उघडला, दोन दिवस लख्ख ऊन पडलं की वाट सुकते आणि आपण निघतो. हिमालयात पश्चिमी झंझावात, म्हणजे पश्चिमेकडून बर्फ घेऊन येणारं वादळी हवामान, येऊन गेला, रात्रभर बर्फ पडला आणि सकाळी आभाळ निळंशार झालं, तर तो दिवस सगळ्यांत फसवा. नव्या बर्फाचं ओझं जुन्या थरांवर नुकतंच पडलेलं असतं. वाऱ्यानं कड्याच्या आडोशाला आणखी बर्फ नेऊन टाकलेला असतो. खाली कधी रवाळ, सुट्या दाण्यांचा कमकुवत थर दबलेला असतो. उत्तरेकडच्या, ऊन न लागणाऱ्या उतारांवर तो कित्येक आठवडे तसाच राहतो. तेवढ्यात आपण त्यावर पाऊल टाकतो. माणसं सापडतात त्या बहुतेक हिमस्खलनांना त्यांच्याच किंवा त्यांच्या सोबत्यांच्या वजनानं सुरुवात झालेली असते, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. म्हणजे निर्णय पुष्कळदा आपल्या हातात असतो.

बर्फ खुणाही देतो. पायाखाली ‘धप्प’ असा पोकळ आवाज येऊन जमीन बसल्यासारखी वाटली, पावलापासून पुढे भेग पळत गेली, शेजारच्या उतारावर ताजं स्खलन दिसलं, तर तिथूनच मागे फिरायचं. शिखर कितीही जवळ असो.

उत्तराखंडात २८ फेब्रुवारी २०२५ला माणाजवळ रस्त्याच्या कामावरचे ५४ मजूर त्यांच्या छावणीतच गाडले गेले. आठ जण दगावले. त्याआधी तिथे सतत बर्फ पडत होता. तिथल्याच द्रौपदी का डांडा या शिखरावर ४ ऑक्टोबर २०२२ला हिमस्खलनात दगावलेले २९ जण गिर्यारोहणाच्या प्रशिक्षण मोहिमेतले होते, आणि तो महिना हिवाळ्याचाही नव्हता.

म्हणून पैसे भरण्याआधी आयोजकाला विचारा: संरक्षण खात्याची चंडीगढची संस्था हिमस्खलनाचे इशारे देते, ते तुम्ही रोज पाहता का? बर्फ पडल्यावर एक-दोन दिवस थांबण्याची सोय कार्यक्रमात आहे का? धोक्याच्या उतारावरून माणसं एकेक करून सोडता का? उत्तर देताना समोरचा चिडला, तर दुसरा आयोजक शोधा.

उंच, उतारांच्या वाटेवर जाणार असाल तर प्रत्येकाकडे ट्रान्सीव्हर (गाडलेल्या माणसाचा माग लावणारं, संदेश देणारं-घेणारं छोटं रेडिओ यंत्र), शोधकाठी (बर्फात टोचून माणूस शोधायची लांब काठी) आणि धातूचं फावडं हवं. गाडलेल्या माणसाच्या हातात पहिली दहा-पंधरा मिनिटं असतात, त्यानंतर जगण्याची शक्यता झपाट्यानं घटते. बाहेरून मदत एवढ्यात पोचत नाही. सोबत्यांनीच शोधायचं, खणायचं. थांबलेला बर्फ इतका घट्ट बसतो की हातांनी उकरता येत नाही.

हा सराव नाशिकमध्येच होतो. गंगापूर धरणाच्या काठी मोकळ्या मातीत एकानं चालू ट्रान्सीव्हर पिशवीत घालून पुरावा, बाकीच्यांनी घड्याळ लावून शोधावा. मग शोधकाठी टोचायची, काठी लागली की ती तशीच ठेवून उताराच्या खालच्या बाजूनं खणत आत जायचं. दहा मिनिटांच्या आत सापडेपर्यंत पुन्हा पुन्हा करा. नमस्कार.