पटल कुठून सुटतं ते पाहा

[दृश्य १ : लाल कांद्याची पाकळी, ब्लेड, चिमटा]
कांद्याची पेशी मिठाच्या पाण्यात ठेवली की तिचं पटल, म्हणजे आतला पातळ पडदा, पेशीभित्तिकेपासून, म्हणजे बाहेरच्या भिंतीपासून, सुटतं. तेच सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचंय. साल पाकळीच्या बाहेरच्या, फुगीर बाजूची हवी. आतल्या बाजूची सहज सुटते, पण ती रंगहीन. मग पटल शोधता शोधता डोळे दुखतात. ब्लेडने उथळ चौकोन कापा, चिमट्याने हलकेच ओढा. ब्लेड खोल गेलं की पेशींचे दोन-तीन थर एकावर एक येतात आणि एकही नीट फोकस होत नाही.

[दृश्य २ : स्लाइड, थेंब]
पाण्याच्या थेंबात साल. कव्हरस्लिप तिरकी टेकवून सोडा, नाहीतर बुडबुडे अडकतात. एका कडेला ५ टक्के मिठाच्या पाण्याचा थेंब, म्हणजे १०० मिलिलिटरला ५ ग्रॅम. समोरच्या कडेला टिपकागद. कागद पाणी शोषेल तसं मिठाचं पाणी सालीपर्यंत येतं.

[दृश्य ३ : पेशी, जवळून, चित्रणाचा वेग वाढवलेला]
कोपऱ्यांकडे लक्ष ठेवा. पटल बहुतेकदा तिथूनच सुटू लागतं. जांभळा भाग आकसतो, गडद होतो. हा रससंकोच. पेशीभित्तिका मात्र जागची हललेली नाही. मधली जागा रिकामी समजू नका. तिथे मिठाचं पाणी आहे. भित्तिका मिठाला अडवत नाही, अडवतं ते पटल. पाण्याचे रेणू दोन्ही दिशांनी ये-जा करतच असतात. आत्ता बाहेर जाणारे जास्त आहेत, इतकंच. काही थेट पटलाच्या मेदाच्या थरातून जातात, बरेचसे अ‍ॅक्वापोरिन या प्रथिनाच्या वाटेने. पीटर अ‍ॅग्रे यांना याच शोधासाठी २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. सोडियमचा आयन या वाटेने जात नाही.

[दृश्य ४ : रेखाचित्र]
प्राणीपेशीत सोडियमला पटलातला पंप लागतो : एका एटीपीमागे (एटीपी म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) ३ सोडियम बाहेर, २ पोटॅशियम आत. शिरेतून देण्याचं सलाइन ०.९ टक्के ठेवतात, तेही पाण्याच्या अशाच ये-जा करण्यामुळे रक्तातल्या तांबड्या पेशी फुगू-आकसू नयेत म्हणून.

[दृश्य ५ : स्लाइडवर साधं पाणी]
मीठ धुऊन काढलं की पेशी पुन्हा भरतात. जास्त वेळ मिठात राहिलेल्या भरत नाहीत.

[दृश्य ६ : उकळलेली साल]
प्रात्यक्षिकात ही स्लाइड बहुधा गाळतात, गाळू नये. उकळत्या पाण्यातून काढलेली साल, तेच ५ टक्के मीठ. रंग आधीच पाण्यात उतरलाय. कोपरे तपासा : काहीच सुटत नाही. पटल निकामी झालंय, मीठ थेट आत शिरतंय.